वर्गातल्या बाकापासून रत्नागिरीपर्यंत

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री गाणी बारापर्यंत चालली आणि सकाळी घावन-चटणी पोटभर झाली आहे. त्यानंतर तुम्हाला जागं ठेवायचं काम समितीने माझ्यावर टाकलं आहे. विषय दिला तो असा : 'विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि तंत्रज्ञान'. ही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, शाळेला एखादं ॲप करून देईल, असा त्यामागचा हिशोब असणार. मी विषयाचा पहिला अर्धा भाग घेते. ॲपचं शेवटाकडे सांगेन, तेही थोडक्यात.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रही शिकलेली नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं नोकरीत एका प्रकारचं काम सगळ्यात जास्त केलं : एका ठिकाणाहून निघालेली मागणी दुसऱ्या ठिकाणी पोचत नसेल, तर ती मधे कुठे अडकते ते शोधून काढायचं. गेल्या गणपतीत गावी आले तेव्हापासून मी आणि आमच्या सत्त्याण्णवच्या तुकडीतल्या दोघी मैत्रिणींनी तोच प्रश्न आपल्या गावापुरता विचारला. आपल्या शाळेतल्या आठवी-नववीच्या एखाद्या मुलाला मनाचा त्रास सुरू झाला, तर मदत मिळेपर्यंत ते मूल कुठून कुठून जातं? आम्ही शिक्षकांशी बोललो, आशाताईंशी बोललो, दवाखान्यांत जाऊन बसलो, आणि जे पालक बोलायला तयार झाले त्यांच्या ओटीवर जाऊन चहा प्यायलो.

त्यातल्या एका आजींची हकीकत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

नातू आठवीत. आईवडील दोघंही मुंबईकडे कामाला, मुलगा आजीजवळ. अशी घरं आपल्याकडे किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको, या हॉलमधले बरेच जण तसेच वाढले आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. रोज सकाळी दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. पहिल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी ॲसिडिटीचं. मग सोनोग्राफी झाली, ती अगदी स्वच्छ आली. दसऱ्यापर्यंत शाळा जवळजवळ बंद झाली होती. आजींनी देवळात गाऱ्हाणं घातलं. मग कुणी सांगितलं म्हणून एका जाणत्याकडे नेलं, त्याने बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, एक कोंबडा गेला. दिवाळीत वडील आले, त्यांनी दोन कानाखाली दिल्या आणि सगळं मोबाइलमुळे होतंय म्हणून मोबाइल काढून घेतला. त्यानंतर मुलगा बोलेनासाच झाला. शेवटी त्याला मुंबईला नेलं. तिथल्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी आजींना बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "झोप लागते का रे तुला?" तो रडायला लागला. तोपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता.

तो मुलगा आता बरा आहे, दहावीला आहे, आणि त्याचा अक्षरगट माझ्या त्या वेळच्या अक्षरापेक्षा फारच चांगला आहे. शाळेला येताना एसटीत त्याच्या बाबतीत काय चालायचं, ते नंतर कळलं. ते मी इथे सांगणार नाही.

या हकीकतीत वाईट माणूस कुणी नाही. आजींनी तर सोनं मोडून धावाधाव केली. पण मला झोप येऊ दिली नाही ती दुसऱ्याच एका गोष्टीने. त्याच्या वर्गशिक्षिकेला ऑगस्टमध्येच कळलं होतं. मूल घाबरल्यासारखं दिसतं, मधल्या सुट्टीत एकटं बसतं, हे बाईंनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं. आम्ही विचारलं, "मग पुढे?" त्या म्हणाल्या, "पुढे कुणाकडे पाठवायचं हेच मला माहीत नव्हतं गं."

माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे.

आता थोडे आकडे, फार नाहीत. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण अंदाजाला ते पुरेसं आहे. १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींना निदान करता येईल असा काही ना काही मानसिक त्रास आढळला. आपल्या शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात या वयाची ४०० मुलं धरली, तर ती होतात २९. प्रत्येक वर्गात दोन-तीन. मोठ्या माणसांमध्ये याच सर्वेक्षणाला असं दिसलं की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. आणि मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगते आहे. म्हणजे आपली आठवी-नववी.

आणखी एक आकडा, तो सांगताना मला जड जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. दिवसाला जवळजवळ पाच. यातल्या प्रत्येकामागे परीक्षाच असते असं अजिबात नाही. घर, पैसा, प्रेम, छळ, आजार, व्यसन, सगळं असतं आणि बऱ्याचदा एकात एक गुंतलेलं असतं. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत लेख येतात, बोर्ड परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, ते चांगलंच आहे. पण त्या आजींच्या नातवाचा त्रास जूनमध्ये सुरू झाला होता, आणि तो दहावीत नव्हता.

हे शोधायला लागले तेव्हा माझी समजूत होती की सरकारी सोय काहीच नसणार. निघालं उलटंच. कागदावर इतकं काही आहे की मला तक्ता काढावा लागला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असा चमू जिल्ह्याला असावा, आणि त्याने शाळा-कॉलेजांपर्यंत जावं, अशी कल्पना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन सगळ्या मुलांना तपासतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा, त्याच्याखाली 'मैत्री क्लिनिक' चालतात. २०२० पासून शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस सुरू झालं. १४४१६ हा नंबर फिरवला की चोवीस तास, फुकट, मराठीतसुद्धा बोलता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्कच केला आहे.

दारं पुष्कळ आहेत, पण एका दारातून निघालेलं मूल दुसऱ्या दारापर्यंत नेण्याचं काम कुणाचंच नाही. त्या वर्गशिक्षिकेची वही आणि रत्नागिरीतला डॉक्टर यांच्यामध्ये एकही माणूस असा नाही, ज्याची नोकरीच ती आहे.

तपासणी पथकाचंच घ्या. या पथकाला मुलाच्या हृदयात छिद्र असल्याचा संशय आला, तर बघा काय होतं. कार्ड भरलं जातं, जिल्ह्याला पाठवलं जातं, तिथे तपासणी होते, मग मोठ्या रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया, आणि मधे पालक कचरले तर फोनवर फोन. आपल्याच तालुक्यातल्या मुलांची हृदयं अशी दुरुस्त झाली आहेत. म्हणजे एका मुलाचा हात धरून त्याला शेवटपर्यंत नेणं आपल्या यंत्रणेला येतं. त्याच पथकाच्या किशोरवयीन मुलांच्या पत्रकात व्यसन आहे का, उदास वाटतं का, हेही रकाने आहेत. पण रांगेत मागे तीस मुलं उभी आहेत, शेजारी दात बघणं चाललंय, आणि नववीतल्या मुलाला कुणी विचारतंय, "उदास वाटतं काय रे?" तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? मी तर दात विचकून 'नाही' म्हटलं असतं.

आणि समजा तो 'हो' म्हणाला. तर पुढचा टप्पा रत्नागिरी. आता रत्नागिरी या गावाचं नाव आपल्याकडे काय अर्थाने घेतात ते सगळ्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकापासून तिथे मनोरुग्णालय आहे, आणि 'याला रत्नागिरीला न्यायला हवा' हे वाक्य आपण सगळ्यांनी पटांगणावर एकमेकांना हसत हसत ऐकवलेलं आहे. त्या वाक्याची किंमत कोण भरतं, ते आजींनी सांगितलं : "मुंबयक नेला तर सोनोग्राफी म्हणून सांगूक येता. रत्नागिरीक नेला तर काय सांगू?" आपल्याकडून रत्नागिरीला एसटीने जायला अडीच तास, यायला अडीच. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आहे, त्याचा खरोखर उपयोग होतो. पण दिवस जातो तो जातोच. मुलाची शाळा बुडते, आजींची रोजची कामं राहतात, शेजारी विचारतात. आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांचा सूर एकच होता : पहिल्या खेपेला माणूस कसंबसं जातं, दुसऱ्या खेपेला जात नाही. आणि मनाच्या त्रासात पहिल्या खेपेला फारसं काही होतच नाही. औषध दिलं तरी त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. बोलून होणारे उपचार म्हणजे तर चार-सहा खेपा आल्याच.

मग शिक्षकांनाच का तयार करू नये? सगळ्यात आधी हाच उपाय सुचतो. मलाही तोच बरा वाटत होता, कारण त्याला खर्च कमी. पण याचं उत्तर आपल्याच देशात, नीट प्रयोग करून मिळालेलं आहे, आणि ते मला या सगळ्या वाचनात सगळ्यात मोलाचं वाटलं.

गोव्याची 'संगत' ही संस्था १९९६ पासून या क्षेत्रात काम करते. त्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम केला. नालंदा म्हणजे काही श्रीमंत जिल्हा नव्हे. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटात स्थानिक, पदवीपर्यंत शिकलेली, पण मानसशास्त्राची तज्ज्ञ नसलेली व्यक्ती प्रशिक्षण देऊन शाळेत नेमली, तिला म्हणायचे 'सेहर मित्र'. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला शिकवून दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचंच जीवनकौशल्याचं शिक्षण. काम काय, तर शाळेत एक पेटी ठेवायची, मुलांनी त्यात मनातलं लिहून टाकायचं. भिंतीवरचं मासिक चालवायचं. छळवणूक, भेदभाव यांवर महिन्याला एक विषय घ्यायचा. आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलायचं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सेहर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दांडगाई आणि मारामारी कमी झाली. ज्या शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं होतं, तिथे मात्र फरक दिसला नाही.

हे ऐकून इथले शिक्षक नाराज होऊ नयेत. मला यात शिक्षकांचा दोष कुठेच दिसत नाही. शाळेतल्या शिक्षकांचा एक दिवस बघा. पोर्टलवर माहिती, निवडणुकीची यादी, पोषण आहाराचा हिशोब, पुन्हा पोर्टल. (ही पोर्टलं बनवणारी आमचीच जमात, त्यामुळे मी इथे जास्त बोलत नाही.) त्यात आणखी एक काम टाकलं तर ते पोर्टलासारखंच होणार. शिवाय दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. गणिताला ज्यांनी काल उभं केलं, त्यांच्यासमोर आज मूल मन कसं मोकळं करेल? घाटगे... नाव नको घ्यायला, पण आमच्या वेळच्या गणिताच्या सरांपुढे मी तरी केलं नसतं, आणि ते फार प्रेमळ होते.

याच संस्थेने पुढे दिल्लीतल्या सरकारी शाळांत काम केलं. तिथे समुपदेशकांनी आधी वर्गात जाऊन एक छोटी फिल्म दाखवली, आपली ओळख करून दिली, मी कुठे बसते ते सांगितलं. ज्या वर्गांत हे झालं, तिथून कितीतरी जास्त मुलं मदत मागायला आली, आणि बरीचशी स्वतःहून. मुलांना मदत नको असते, लाज वाटते, वगैरे आपण म्हणतो. खोली कुठे आहे आणि आत कोण बसलंय हे कळलं, तर ती येतात. तिथे मोठं काही करत नव्हते. चित्रकथांच्या पुस्तिका, तीनेक आठवड्यांत चार-पाच भेटी, आणि अडचण एकेक करून सोडवायची रीत.

आणि आता तर सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. २५ जुलै २०२५ च्या निकालात १५ मार्गदर्शक सूचना आहेत. त्यातली एक अशी, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. आपल्या शाळेची पटसंख्या त्याच्या कितीतरी वर आहे. निकाल आला म्हणून माणूस आपोआप येत नाही, पगार कोण देणार हा प्रश्न उरतोच. तोच घेऊन मी इथे उभी आहे.

मंडळी, आपल्या मेळाव्याच्या निधीतून काय करायचं याची चर्चा कालपासून चालू आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीचा अंदाज अकरा लाखांचा आला आहे, चित्र मी पाहिलं, सुंदर आहे. आता माझा हिशोब ऐका. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली, आपल्याच भागातली, आपली बोली कळणारी एक पूर्णवेळ व्यक्ती. मानधन महिना ३० हजार, वर्षाचे ३ लाख ६० हजार, तीन वर्षांचे १० लाख ८० हजार. तिला एकटीला सोडायचं नाही. दर महिन्याला एखाद्या अनुभवी मानसशास्त्रज्ञाने तिच्या सगळ्या केसेसवर तिच्याशी बोलायचं, त्याचे आणि प्रवासाचे महिना ५ हजार, म्हणजे तीन वर्षांचे १ लाख ८० हजार. आणि ज्या मुलाला रत्नागिरीला न्यावं लागेल, त्याच्या आणि घरच्या एका माणसाच्या जाण्यायेण्याचे, जेवणाचे, बुडालेल्या मजुरीचे वर्षाला ५० हजार. सगळे मिळून तीन वर्षांचे १४ लाख १० हजार. जवळच्या दोन शाळा सामील झाल्या, तर आपला वाटा कमानीपेक्षा कमी पडेल.

तीन वर्षंच का? एका वर्षात मुलं तिला ओळखतील, दुसऱ्यात विश्वास ठेवतील. वर्षभराच्या प्रकल्पांचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. बॅनर लागतो, एक शिबिर होतं, फोटो निघतात, आणि पुढच्या जूनमध्ये कुणी नसतं. मुलाने एकदा मन उघडलं आणि ऐकणारा माणूस नाहीसा झाला, तर त्याने पुन्हा दुसऱ्या कुणाजवळ बोलावं अशी अपेक्षा कशी करायची? तीन वर्षांची तरतूद होत नसेल, तर सुरूच करू नये, असं माझं मत आहे.

तिने मुलांवर उपचार करायचे नाहीत. तिने ऐकायचं, ज्यांना ऐकण्याने आणि थोड्या मदतीने पुरेल त्यांना ती द्यायची, आणि ज्यांना पुरणार नाही त्यांना हात धरून पुढे न्यायचं. ते एकोणतीस आठवतात ना? त्यातल्या बहुतेकांचं काम इथेच, शाळेतच होऊ शकेल. थोड्यांना डॉक्टर लागेल. त्या थोड्यांच्या बाबतीत तिच्याकडे एक वही असेल : कुणाला कधी पाठवलं, तो पोचला का, दुसऱ्या खेपेला गेला का, औषध संपलं का. नाही गेला तर ती घरी जाईल. आमच्या कामात आम्ही याला वेगळी भारी नावं देतो, पण वही ती वहीच. पथक आलं की त्यांच्याशी, मैत्री क्लिनिकशी, जिल्ह्याच्या चमूशी बोलायचं तिनेच. त्यांची सगळ्यांची नावं आणि वार तिला पाठ असायला हवेत.

काही शंका कालच माझ्यापर्यंत आल्या. एक म्हणजे गुप्तता. मुलाने सांगितलेलं शिक्षकांच्या खोलीत जाणार नाही, हे लेखी ठरवावं लागेल, आणि मुख्याध्यापकांनाही ते बंधनकारक राहील. त्याला अपवाद दोनच, आणि ते मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचे : जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवणार, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं सक्तीचंच आहे. दुसरी शंका खोलीची. ऑफिसच्या समोर, सगळ्यांना दिसेल अशी खोली नको. वाचनालयाला लागून जी जुनी नकाशांची खोली आहे, तिला मागूनही दार आहे. नकाशे बाहेर काढायला मी स्वतः येते. तिसरी शंका अशी, की असं लाडावलं तर मुलं शेफारतील, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. नव्हतं, खरं आहे. आमच्या तुकडीतला एक जण दहावीच्या सहामाहीनंतर शाळेत यायचा थांबला. कुणी म्हणालं आळशी, कुणी म्हणालं वेडा. तो आज या हॉलमध्ये नाही, आणि आमच्यापैकी कुणाकडेही त्याचा पत्ता नाही.

आता ॲप. करता येईल, दोन महिन्यांत करता येईल. पण आठवीतल्या मुलीकडे फोन असतो तो काकीचा. तिने काय लिहिलं ते काकी वाचणार. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि ज्या मुलांना घरातच त्रास आहे त्यांचं तिथेच अडतं. मुख्य म्हणजे, मुलाने रात्री अकरा वाजता 'मला जगावंसं वाटत नाही' असं लिहिलं, तर ते वाचायला पलीकडे कोण जागं आहे? टेलि-मानसवर माणूस बसलेला आहे, म्हणून तो नंबर द्यायचा. आपल्या ॲपच्या मागे कुणी नसेल. तेव्हा ॲप नको. कुलपाचं कपाट द्या, त्यात वही राहील. कपाट माझ्याकडून.

तंत्रज्ञानापेक्षा आपल्या या मेळाव्याकडे एक वेगळीच गोष्ट आहे, जी सरकारकडे नाही. बारावी झाली की आपली मुलं पुण्याला, मुंबईला, रत्नागिरीला, कोल्हापूरला जातात. अठरावं वर्ष लागतं तेव्हाच शाळा सुटते, घर सुटतं, आणि मुलांसाठीच्या सगळ्या योजनाही मागे राहतात. ज्याला आधीपासून त्रास आहे, त्याची औषधं आणि डॉक्टर इथेच राहतात. त्या गावांत आपण आहोत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला एक रविवारी जेवायला बोलावणारं घर, गरज पडली तर त्याच्यासोबत ओपीडीत जाऊन बसणारी एक ताई किंवा दादा, एवढंच. डॉक्टरी करायची नाही, उपदेश तर मुळीच नको. आमच्या तुकडीतल्या पुण्याच्या सहा जणांनी नावं दिली आहेत. मुंबईवाल्यांची यादी अजून कोरी आहे, आणि मुंबईवाले संख्येने जास्त आहेत, हे कालच्या आवाजावरून मला कळलंच आहे.

दुपारी तीनला संस्थेची बैठक आहे. तिथे कमान आणि समुपदेशक हे दोन्ही विषय पत्रिकेवर आहेत. ज्यांनी निधी दिला आहे त्या प्रत्येकाला मत आहे, तेव्हा जेवून झोपू नका. दाराजवळच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत, निळ्या वहीत तीन वर्षांसाठी दरमहा किती देणार ते लिहायचं आणि लाल वहीत गावाचं नाव आणि फोन. आणि स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती : मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत छापा, त्यासाठी एक जाहिरात कमी घ्यावी लागली तरी चालेल. त्या जाहिरातीचे पैसे कुणाकडून वसूल करायचे ते आमच्या तुकडीला विचारा.